फाटकावरची लाल काच

खांगकाकांना जाऊन बारा दिवस झाले होते आणि आज दुपारी तीन वाजता ते बोलणार होते.

ल्यूत्येन गावातलं धान्याचं जुनं गोदाम माणसांनी गच्च भरलं होतं. खिडक्यांना आतून काळा कागद डकवलेला. जोंधळ्याचा जुना कुबट वास, त्यात दोनशे माणसांच्या जाड कोटांची ऊब. समोरच्या चौथऱ्यावर तांब्याच्या जाळीचा पिंजरा होता, पिंजऱ्यात दुधी काचेचा गोल दिवा, आणि शेजारी निखाऱ्यांची पितळी शेगडी.

"मंडळी, प्रकाशाचा एक कण!" मास्टर फान बोट वर करून म्हणाला. अंगात डॉक्टरचा पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोपच्या जागी तांब्याची साखळी. "एकच कण. तो इथेही असतो आणि तिथेही असतो. हे मी नाही म्हणत, विज्ञान म्हणतं. कण केवढा? एवढासा. माणूस केवढा? मग कणाला जे जमतं, ते माणसाला जमू नये?"

"जमावं!" पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं.

"आपल्या गावावरून क्वांटम लाईन जाते. बीजिंगचं बोलणं शांघायला जातं, शांघायचं बीजिंगला. पण त्या लाईनला तिसरा फाटा आहे. तो कुठे जातो, हे सरकारी माणसं सांगणार नाहीत. मी सांगतो." त्याने बोट आणखी वर केलं. वर पत्र्याचं छप्पर होतं आणि तुळईवर एक कबूतर बसलं होतं. दोनशे माणसांनी माना वर करून भक्तिभावाने कबूतराकडे पाहिलं.

खांगकाकू पडद्याआड गेल्या, त्यांनी कागदावर प्रश्न लिहिला, घडी केली आणि बाहेर येऊन स्वतःच्या हाताने शेगडीत टाकला. कागद जळाला. दिवा एकदा उजळला, मंदावला, पुन्हा उजळला. फानने डोळे मिटून कपाळाला दोन बोटं लावली.

"पोहोचलो," तो खांगकाकांच्या खरखरीत सुरात म्हणाला. "वाटेत थंडी होती. पण तू विणलेली राखाडी टोपी होती. गुडघा आता दुखत नाही. त्या गोळ्या सोडल्या ते फार बरं केलं. गोळ्यांनीच माझे पाय जमिनीला बांधून ठेवले होते."

टोपीचं नाव निघताच खांगकाकूंनी हंबरडा फोडला. गोदामभर उसासे फिरले.

शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून उभी असलेली यिन वेइलान रडली नाही. दीड महिन्यापूर्वी हेच खांगकाका तिसऱ्या रांगेत बसले होते, आणि याच दिव्यातून त्यांच्या मेलेल्या भावाने त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या बंद करायला सांगितलं होतं. आता तेच दिव्यात जाऊन बसले होते आणि गोळ्या सोडणं कसं चांगलं, याची साक्ष देत होते. ज्याचा जीव गेला, त्यालाच साक्षीदार केलं होतं. आणि मेलेल्या साक्षीदाराची उलटतपासणी कोण घेणार?

"छ्याओ ग्वेइफेन!" फानने पुकारलं.

वेइलानची आई उठली. डाव्या बाजूची खुर्ची तिला दिसली नाही, मांडी आपटली. शेजारच्या तांग मावशीने तिचा हात धरून तिला पुढे नेलं. कागद जळला. दिवा लागला: लांब, लांब, आखूड.

आईने तोंडावर पदरासारखा मफलर दाबला.

"शेवया टाक," ती पुटपुटली. "शेवया टाक, येतोय मी... हे त्यांचंच आहे."

"ते म्हणतात," फान हळू आवाजात म्हणाला, "ग्वेइफेन, माझ्या प्रकाशाला तुझ्या डोळ्यांत यायचं आहे. तू थेंब टाकून दार लावून घेतेस. आणि आता तर म्हणे सुरी लावणार? दार फोडलंस तर मी येऊ कुठून?"

*

वेइलानचे वडील बत्तीस वर्षं रेल्वेच्या फाटकावर होते. रुळांपासून चाळीस पावलांवर त्यांची खोली. हातातल्या दिव्याला तीन काचा: पांढरी, हिरवी, लाल. शेवटची मालगाडी गेली की ते पांढरी काच घराकडे फिरवून खूण करायचे: दोन लांब, एक आखूड. आई उकळत्या पाण्यात शेवया सोडायची. बाबा येईपर्यंत वाडगा तयार. ही खूण घरातल्या तिघांनाच ठाऊक होती.

तीन वर्षांपूर्वी ते गेले आणि मायलेकी गावातल्या सहा मजली इमारतीत राहायला आल्या.

"आई, ही खूण तू कुणाला सांगितली होतीस?"

"कुणाला नाही."

"आठवून बघ."

"डोळे गेलेत माझे, डोकं नाही गेलं." आई तव्यावरची पातळ पोळी उलटत होती. पोळीची डावी कड करपत होती. ती तिला दिसत नव्हती. "आणि तुला त्या माणसाचा एवढा राग का गं? तुझंच तर वाक्य घेऊन बसलाय तो."

हेच वेइलानला सगळ्यात जास्त बोचत होतं. ती क्वांटम लाईनच्या, म्हणजे प्रकाशाच्या कणांनी गुप्त खुणा नेणाऱ्या काचेच्या तारेच्या, मधल्या स्टेशनात काम करायची. गेल्या वसंतात तिने गावच्या सभागृहात लोकांना समजेल असं एक भाषण दिलं होतं. फानने त्याच्या चित्रफितीतून एक वाक्य कापून घेतलं होतं. गोदामाच्या दारात तिचा हसरा फोटो टांगला होता, आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'या प्रकाशाला वाटेत कुणी चोरून कान लावूच शकत नाही. इंजिनीअर यिन वेइलान.'

"वाटेत कुणी ऐकू शकत नाही," आई म्हणाली. "कुणी सांगितलं नाही. मग फानला कळलं कुठून? ज्यांना ठाऊक होतं त्यांच्याकडूनच. तूच हिशेब कर, तू शिकलेली आहेस."

"थेंब किती दिवस टाकले नाहीस?"

आईने पोळी तव्यावर दाबली.

"किती दिवस, आई?"

"शरदातल्या पौर्णिमेपासून. नाही... त्याच्याही दीड महिना आधीपासून."

म्हणजे जवळजवळ तीन महिने. काचबिंदूचं दुखणं आवाज करत नाही. डोळ्यातला दाब वाढतो, कडेपासून दिसणं कमी होत जातं, आणि गेलेलं परत येत नाही. डावा डोळा जवळपास संपला होता. डॉक्टरांनी उजव्याच्या शस्त्रक्रियेसाठी पुढच्या मंगळवारची तारीख दिली होती आणि फाइलवर दोनदा अधोरेखित केलं होतं: पुढे ढकलू नये.

"मंगळवारी जायचं ना आपण?"

"त्याच्या आधीच्या रविवारी थंडीच्या कपड्यांचा सण आहे. त्या दिवशी तुझे बाबा शेवटचं काय ते सांगणार आहेत. ते हो म्हणाले तर जाऊ." आईने टेबलावर ठेवलेल्या जांभळ्या कागदाच्या बंडलाला हात लावला. बाबांसाठी कागदी अंगरखा शिवायचा होता, आत चिमूटभर कापूस घालून. संध्याकाळी तो चौकात जाळायचा, म्हणजे पलीकडे थंडी वाजत नाही. "यंदा तीन वर्षं पूर्ण होतात. सुतक फिटलं. नवीन वर्षाला दारात कंदील लावता येईल."

"कुठला लावशील?"

"पिवळाच," आई म्हणाली आणि पहिल्यांदा जराशी हसली. "आपल्याकडे कधी लाल लागलाय का?"

कधीच लागला नव्हता. सगळा गाव नवीन वर्षाला लाल कंदिलांनी पेटायचा. फाटकवाल्याचं घर तेवढं पिवळं. शाळेत पोरं वेइलानला चिडवायची. पण रुळांजवळ लाल उजेड दिसला की इंजिनवाल्याने गाडी थांबवायची, हा नियम. एकदा पाहुण्यांच्या मुलाने हौसेने अंगणात लाल कंदील टांगला होता. कोळशाची मालगाडी अकरा मिनिटं उभी राहिली आणि बाबांना साहेबापुढे खुलासा लिहून द्यावा लागला. त्यानंतर त्या घरात लाल लोकरसुद्धा आली नाही.

*

सोमवारी सकाळी वेइलान स्टेशनात आली. बाहेरून ती साधी करडी खोली दिसायची. आत यंत्रांची थंड गुणगुण. नियमाप्रमाणे आतल्या खोलीत एकट्याने जायचं नाही, त्यामुळे सहकारी फेइ सोबत होता.

"चूक किती?" त्याने विचारलं.

"शेकडा दोन."

"मग वाटेत कुणी नाही. चहा घेऊ."

रोजचंच काम. प्रकाशाचा एकेक कण पाठवायचा, प्रत्येकाला वेगवेगळा कल देऊन. कुठला कल, ते पाठवणाऱ्यालाच ठाऊक. वाटेत कुणी तो कण पकडून बघू गेला, तर त्याला अंदाजाने मोजावं लागतं. अंदाज चुकला की कणाचा कल बिघडतो. मग दोन्ही टोकांची माणसं आपल्याजवळच्या खुणांपैकी थोड्याशा खुणा मुद्दाम उघड करतात आणि साध्या फोनवर ताडून बघतात. त्या खुणा वाया जातात, जाऊ द्यायच्या. चुका थोड्या असल्या तर उरलेल्या खुणा गुप्त संदेश कुलूपबंद करायची किल्ली म्हणून वापरायच्या. शेकडा अकराच्या वर गेल्या, तर कुणीतरी ऐकतंय असं समजून सगळी किल्ली फेकून द्यायची.

"तुझ्या आईचं काय?" फेइने विचारलं.

"फानला कळतं कसं, तेच कळत नाही. कागद जळतो. फोन आधीच काढून घेतात, तांब्याच्या पिशवीत ठेवतात. कुणी काही सांगितलेलं नसतं."

"आपल्या लाईनीत काय कमी भानगडी आहेत? काचेच्या तारेत कुणी शिरू शकत नाही, ठीक. पण या खोलीत?" त्याने कपाटाकडे हनुवटीने खूण केली. "इथे किल्ली उघडते, पुन्हा बंद होते. त्या क्षणापुरता सगळा भरवसा तुझ्यामाझ्यावर. म्हणून तर दोघांची सक्ती, दाराला तीन कुलपं. मी बदमाश असतो तर तुझ्या त्या प्रकाशाने काय केलं असतं?"

वेइलानचा चहाचा पेला ओठांपर्यंत गेला होता, तो तिथेच थांबला. भाषणात तिने हे वाक्य लिहिलं होतं: रस्त्याची हमी प्रकाश देतो, टोकाच्या आणि मधल्या माणसांची देत नाही. वेळ संपत आला म्हणून तिने ते गाळलं होतं.

"फेइ," ती म्हणाली, "चोर कुठे बसलाय हे शोधायचं असेल तर आपण काय करतो?"

"थोड्या खुणा बळी देतो."

"आणि प्रत्येक वाटेने वेगळी खूण पाठवली तर?"

फेइने तिच्याकडे पाहिलं. "तर जी बिघडून परत येईल, तिची वाट सापडली."

*

बुधवारी ती स्वतः प्रश्नकर्ती म्हणून गोदामात गेली. फान तिला पाहून दोन पायऱ्या खाली उतरला.

"इंजिनीअर यिन! विज्ञान स्वतः चालत आलं आमच्या दारी!"

"वडिलांशी बोलायचंय," ती म्हणाली. खोटं बोलताना आवाज कापला, आणि तो कापरा आवाज फानने भक्तीच्या खात्यात जमा केला.

दारातल्या मुलीने फोन मागितला. वेइलानने तो देण्याआधी, कुलूप न लावता, त्यात एक टिपण लिहून ठेवलं होतं: बाबा निरोप घेताना दिवा गोल फिरवायचे. ते खोटं होतं. पडद्याआड जाऊन कागदावर तिने लिहिलं: माझ्या परीक्षेच्या दिवशी बाबा हिरवी काच दाखवायचे, आठवतं का त्यांना? तेही खोटं. कागद शेगडीत जळाला, राख उडाली. फान म्हणाला, "उत्तर रविवारी. दूरच्या आत्म्याला कण जमवायला वेळ लागतो."

मग ती प्रतीक्षागृहात आली. तिथे चहाचे थर्मास होते, सूर्यफुलाच्या बियांच्या परड्या होत्या, आणि फोन नसल्यामुळे करण्यासारखं काहीच नव्हतं. म्हणून सगळ्या बायका बोलत होत्या. तांग मावशी मध्यभागी बसली होती. गोल चेहरा, दातांत बी फोडून टरफल ओठांवरून उडवायची भारी सवय. सहा महिन्यांपूर्वी तिचे यजमान गेले होते. रोज संध्याकाळी चौकात आईबरोबर नाचायची. आईला रस्ता ओलांडून देणारी तीच. तिच्या छातीवर पानाच्या आकाराचा तांब्याचा बिल्ला होता.

"ये गं पोरी, बस. आईसारखीच हट्टी तू, पण आलीस ना शेवटी!"

"मावशी, हा बिल्ला कसला?"

"सेवेकऱ्यांचा. तीस जणींना दिलाय मास्टरांनी. याने आपले कण जुळलेले राहतात. दर शनिवारी त्यांच्या तबकात ठेवून यायचा, रात्रभर प्रकाश भरून घेतो. नाही ठेवला तर आठवड्याच्या मध्येच विझतो म्हणे."

"विझतो म्हणजे?"

"म्हणजे... विझतो! मला काय कळतंय? तू इंजिनीअर की मी?" बायका खिदळल्या. "झोपतानासुद्धा काढत नाही बघ मी."

दर शनिवारी भरून घ्यावा लागतो. वेइलानने काही बोलण्याआधी एक बी दातांत धरली, फोडली. आता जे खोटं बोलायचं होतं त्याची तिला लाज वाटत होती: या बाईने तिच्या आईचा हात कधी सोडला नव्हता.

"मावशी, बाबांची एक गोष्ट आठवते मला," ती हळूच म्हणाली. "नवीन वर्षाच्या आदल्या रात्री ते दिव्याची लाल काच घराकडे फिरवायचे. आई दारात यायची. तो त्यांचा दोघांचा नवीन वर्षाचा मुजरा. आई कुणाला सांगत नाही, लाजते. तुम्हीही सांगू नका."

"माझ्या पोटातून बाहेर पडणार नाही," तांग मावशी म्हणाली, आणि डोळे पुसता पुसता तिने छातीवरच्या बिल्ल्यावर हात ठेवला.

*

रविवारी धुकं इतकं दाट होतं की गोदामाच्या दारातला वेइलानचा फोटो दोन पावलांवरून दिसत नव्हता. आत प्रत्येकाच्या मांडीवर कागदी कपड्यांची पुडकी: जांभळी, निळी, काळी. खांगकाकूंनी कागदाची राखाडी टोपीसुद्धा केली होती. आज डोळ्यांचे रोगी पुढे बसवले होते. दिव्याकडे पापणी न लवता बघत राहायचं, असा मास्टरांचा आदेश होता. आईसह नऊ माणसं ओळीने पांढऱ्या उजेडाकडे टक लावून बसली होती आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

वेइलान आईच्या मागे बसली. तिने आईला काहीच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं, तर आईचं उत्तर आईचं राहिलं नसतं. हिरवा लागला तर कागद वाचला जातोय. दिवा गोल फिरवण्याची गोष्ट निघाली तर फोन. काहीच नाही निघालं तर... तर तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं, आणि मंगळवार परवावर आला होता.

"यिन घराण्याचा कर्ता पुरुष आलाय!" फान गर्जला. "आज तो बायकोला असा मुजरा करणार आहे, की जो या जगात फक्त त्या दोघांना ठाऊक आहे. नवीन वर्षाच्या आदल्या रात्रीचा मुजरा! बघ ग्वेइफेन, डोळे भरून बघ!"

आणि दुधी काचेचा दिवा लालभडक झाला.

गोदामातून एक लांब 'आऽऽ' उठला. तांब्याची जाळी, फानचा कोट, दोनशे चेहरे, सगळं लाल झालं. तांग मावशी हुंदके देत म्हणाली, "लाल काच! अगं ग्वेइफेन, लाल काच!"

आई उठून उभी राहिली. तिने एक हात डोळ्यांवर आडवा धरला, जसा माणूस उन्हात लांबचं बघताना धरतो.

"हा लाल आहे?" तिने विचारलं. "मला नीट दिसत नाही. लान, हा लाल आहे का?"

"लाल आहे, आई."

"ते म्हणतात," फान घाईने म्हणाला, "नवीन वर्षाचा मुजरा, ग्वेइफेन, आणि मंगळवारी सुरी..."

"थांबा," आई म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सभेत कधी न बोलणारी बाई बोलली म्हणून सगळे गप्प झाले. "हा माझा नवरा नाही."

"ग्वेइफेन, भावनेच्या भरात..."

"बत्तीस वर्षं त्यांनी घराकडे लाल काच फिरवली नाही. आमच्या दारात लाल कंदील लागला नाही. लाल म्हणजे गाडी थांबवायची. पुढे रूळ तुटलाय, पुढे माणूस आडवा आलाय, तेव्हाच लाल." ती जरा थांबली. "मेल्यावरसुद्धा तो माणूस गमतीत लाल दाखवणार नाही. तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

फानने हात पसरले. "कण कधी कधी उलटा फिरतो, मंडळी. पलीकडचं लाल म्हणजे इकडचं..."

"इकडचं काय?" वेइलान उठली. "पिवळं? तुम्हाला हे कुणी सांगितलं ते मी सांगते. मी सांगितलं. तीन खोट्या गोष्टी तीन वाटांनी सोडल्या होत्या. जळलेल्या कागदावर हिरवी काच लिहिली. ती आली नाही. फोनमध्ये वेगळंच लिहिलं. तेही आलं नाही. लाल काचेची गोष्ट मी एकाच माणसाला सांगितली."

तांग मावशी उठून उभी राहिली.

"पोरी, देवाशपथ, मी कुणाला..."

"माहीत आहे, मावशी. तुम्ही कुणाला सांगितलं नाही. तो बिल्ला द्या."

मावशीने बिल्ला काढून तिच्या हातावर ठेवला. वेइलानने खिशातला छोटा स्क्रूड्रायव्हर काढला. तांब्याचं पान उघडलं. आत नखाएवढी बॅटरी होती, केसासारखी तार होती आणि मसुराच्या दाण्याएवढा मायक्रोफोन.

"म्हणून तर शनिवारी भरायला लागतो," ती म्हणाली. "प्रकाश नाही, वीज. कागद जळताना तुम्ही सगळे शेगडीकडे बघता. शेगडी बघण्यासाठीच ठेवली आहे. ऐकणं त्याच्या आधी, चहाच्या खोलीत होऊन गेलेलं असतं. फोन काढून घेतात, कारण फोन हातात असला की माणूस बोलत नाही. असे तीस बिल्ले गावात फिरताहेत. नाचाच्या चौकात, भाजीच्या रांगेत, तुमच्या घरात. आई शेवयांची खूण कधीतरी मावशींपाशी बोलून गेली असेल, तीही याच वाटेने गेली."

"झोपताना," तांग मावशी म्हणाली. "मी झोपताना... मी रोज रात्री ह्यांच्याशी बोलायचे. ह्यांच्या फोटोशी." ती छातीवरची रिकामी जागा चोळू लागली, जणू तिथे अजून काही चिकटलेलं होतं.

गोदामात कुणी ओरडलं नाही. आधी फक्त बिल्ले काढल्याचे आवाज आले. खाली फरशीवर एकेक पान टणकन पडत होतं. मग चौथऱ्याच्या मागच्या पडद्यामागे धावपळ झाली. चौथ्या रांगेतल्या दोन हमालांनी पडदा ओढला. मागे एक मुलगी कानाला यंत्र लावून वहीत लिहीत बसली होती. फानच्या बाहीतून दिव्याचा रिमोट निघाला. असा रंग बदलणारा बल्ब गावातल्या कुठल्याही दुकानात मिळतो.

"विज्ञान पुढे सगळ्याचा खुलासा करणारच आहे," फान दोन हमालांच्या मध्ये उभा राहून म्हणत होता. "मंडळी, कणावर विश्वास ठेवा..."

"कणावर आहे," एक हमाल म्हणाला. "तू गप बस."

पोलीस येईपर्यंत धुकं आत शिरलं होतं. माणसं आपापली जांभळी पुडकी छातीशी धरून बाहेर पडत होती. खांगकाकू तेवढ्या जागेवरून हलल्या नाहीत. वेइलान त्यांच्यापाशी जाऊन खाली बसली.

"म्हणजे ते पोहोचले नाहीत?" काकूंनी विचारलं.

समजूत घालणारं वाक्य वेइलानच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं.

"पोहोचले की नाही, मला ठाऊक नाही, काकू. कुणालाच ठाऊक नाही. पण गोळ्या चालू असत्या तर बहुधा ते आज इथे असते."

काकूंनी कागदी टोपी नीट घडी घालून खिशात ठेवली. "बहुधा," त्या म्हणाल्या. एवढंच.

*

वसंत आला तेव्हा सभागृहात पुन्हा भाषण ठरलं. तेच सभागृह, तीच यंत्राची प्रतिकृती. या वेळी वेइलानने गाळलेलं वाक्य सगळ्यात आधी म्हटलं.

"रस्त्याची हमी प्रकाश देतो. माणसांची देत नाही. मागच्या वेळी मी हे सांगितलं नाही, ती माझी चूक. कुणी तुम्हाला म्हणालं की माझी गोष्ट क्वांटम आहे, म्हणून ती तपासता येत नाही, तर समजा की तो खोटं बोलतोय. आमचं सगळं कामच तपासण्याचं आहे. रोज सकाळी आम्ही आमच्याच लाईनवर संशय घेतो. तुम्हीही घ्या. त्याला एक चुकीची गोष्ट सांगून बघा. ती तुमच्याकडे चमत्कार होऊन परत आली, तर उठून घरी जा. आणि औषध बंद करायला सांगणारा जिवंत असो वा मेलेला, आधी डॉक्टरला विचारा."

मागून कुणीतरी म्हणालं की नदीपलीकडच्या गावात असाच दिवा आलाय म्हणे. फानचा नाही, दुसऱ्याच कुणाचा. सभागृह जरा चुळबुळलं. दोन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि त्या नजरेत भीती होती की कुतूहल, ते वेइलानला ओळखता आलं नाही.

पहिल्या रांगेत आई बसली होती, तांग मावशीच्या उजव्या हाताला, म्हणजे तिला न दिसणारी डावी बाजू मावशी सांभाळत होती. मंगळवारची शस्त्रक्रिया नीट झाली होती, आणि उजवा डोळा वाचल्याचं वेइलानने भाषणात सांगितलंही होतं. आईने हात वर केला.

"मला विचारायचंय."

"विचार, आई."

"जे उरलंय, ते शस्त्रक्रियेने राहिलं. ते तू सांगितलंस. पण त्या तीन महिन्यांत जे गेलं, ते परत येणार का?"

वेइलानने पाण्याचा पेला खाली ठेवला. सभागृहात दोनशे माणसं होती, आणि त्यातली बरीचशी गोदामातलीच होती.

"नाही," ती म्हणाली.

"मग तेही सांग," आई म्हणाली. तिने मान पूर्ण वळवून, ज्या बाजूने तिला अजून दिसत होतं त्या बाजूने, मागच्या सगळ्या रांगांकडे पाहिलं. "नाहीतर यांना वाटेल, चोर पकडला म्हणजे सगळं मिळालं."